आयर्लंडमध्ये युती मतपत्रिकेवरच सुरू होते

८ फेब्रुवारी २०२० रोजी आयर्लंडमध्ये संसदेची निवडणूक झाली तेव्हा फिने गेल पक्षाचे लिओ वराडकर पंतप्रधान होते. आडनाव मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईत जन्मलेले, आई मिरियम आयरिश परिचारिका. २०१७ मध्ये लिओ पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे त्याचं भरपूर कौतुक झालं. २०२० मध्ये त्यांच्या स्वतःच्या डब्लिन वेस्ट मतदारसंघात जे झालं, ते मात्र त्याहून जास्त समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या फेरीची मोजणी संपली तेव्हा शिन फेन पक्षाचे पॉल डॉनेली निवडून आले होते. देशाचे पंतप्रधान दुसऱ्या क्रमांकावर होते आणि अजून निवडून यायचे होते. पाचव्या फेरीत त्यांचा कोटा (निवडून यायला लागणारी मतं) पूर्ण झाला, तोही इतर उमेदवारांना पहिलं मत देणाऱ्या लोकांच्या खालच्या पसंतीवर.

दुसऱ्याला मत दिलेला माणूस आपल्याला निवडून कसा आणतो, हे एकदा कळलं की आयर्लंडमधल्या युत्या, त्यांचे लेखी करार आणि अर्ध्या वाटेवर बदलणारे पंतप्रधान हे सगळं उलगडत जातं. युती निकालानंतर बंद खोलीत ठरते अशी आपली समजूत असते. तिथे तिची पहिली रेघ मतदार स्वतः ओढतो.

तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाला डॉइल म्हणतात, खासदाराला टीडी आणि पंतप्रधानाला टीशक. देशाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे ५१ लाख. राज्यघटना सांगते की एका टीडीमागे २० हजारांहून कमी आणि ३० हजारांहून जास्त लोक असू नयेत. लोकसंख्या वाढली, म्हणून २०२४ च्या निवडणुकीत जागाही १६० वरून १७४ कराव्या लागल्या. या १७४ जागा ४३ मतदारसंघांत विभागल्या आहेत, कारण प्रत्येक मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडायचे असतात.

पुण्यातला वाचक म्हणेल, हे तर आमच्या महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागासारखं झालं. तसं नाही. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात आणि चार वेगळी मतं. आयर्लंडमध्ये मतदारसंघ पाच जागांचा असला तरी मतदाराला मत एकच. ते देताना तो नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. याचं जवळचं उदाहरण म्हणजे आपली विधान परिषदेची निवडणूक. पदवीधर मतदारसंघात ज्यांनी जांभळ्या स्केचपेनने आकडे लिहिले आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. विधानसभेतले आमदार जेव्हा परिषदेच्या जागा भरतात, तेव्हा तर कोटा, पहिल्या पसंतीची मतं, अतिरिक्त मतं हे सगळं आठवडाभर बातम्यांत चालू असतं. जून २०२२ मध्ये दहा जागांसाठी अकरा उमेदवार उभे होते आणि पसंतीची मतं फिरल्यामुळे काय उलथापालथ झाली, ते आपण पाहिलंच. आपल्याकडे जे गणित आमदार करतात, ते आयर्लंडमध्ये दुधाची पिशवी आणायला निघालेला साधा माणूस करतो.

गणित अवघड नाही. समजा चार जागांचा मतदारसंघ आहे आणि ५० हजार वैध मतं पडली. जागांच्या संख्येत एक मिळवायचा, म्हणजे पाच. ५० हजारांना पाचाने भागायचं, दहा हजार आले. त्यात एक मिळवायचा. १०,००१ हा कोटा. चार जणांनी एवढी मतं मिळवली की पाचव्याला तितकी मिळूच शकत नाहीत, म्हणून हा आकडा.

आता एखाद्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची १२,००१ मतं मिळाली, तर तो निवडून आला आणि वर २,००० मतं उरली. ती वाया जात नाहीत. त्याच्या सगळ्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार वेगळ्या करतात आणि त्या प्रमाणात उरलेली २,००० मतं इतरांकडे जातात. निम्म्या मतदारांनी दुसरी पसंती त्याच्याच पक्षातल्या सहकाऱ्याला दिली असेल, तर १,००० मतं त्या सहकाऱ्याकडे. कुणाचाच कोटा भरत नसेल, तर सर्वांत तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. जागा भरेपर्यंत हे असंच चालतं. शेवटच्या जागेवर कधी कोटा न भरताही माणूस निवडून येतो, कारण स्पर्धेत दुसरं कुणी उरलेलंच नसतं.

हे सगळं हाताने होतं. मतदान संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सभागृहात पेट्या उघडतात. कठड्याच्या अलीकडे सर्व पक्षांचे कार्यकर्ते कागद-पेन्सिल घेऊन उभे असतात. पलीकडे कर्मचारी मतपत्रिका उलगडत असतात आणि अलीकडे हे लोक प्रत्येक पत्रिकेवरचा १ कुणापुढे आहे ते टिपून घेत असतात. पेटी कुठल्या भागातली आहे हे माहीत असल्यामुळे कुठल्या वस्तीने कुणाला हात दिला, हे त्यांना अधिकृत आकड्याच्या कितीतरी आधी कळतं. एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांचे कार्यकर्ते हे आकडे एकत्र जुळवतात, हे मला फार आवडतं. मोजणी काही मतदारसंघांत दोन-तीन दिवससुद्धा चालते. २००२ मध्ये डब्लिन वेस्टसह तीन ठिकाणी मतदान यंत्रं वापरून पाहिली होती. पुढे त्या यंत्रांवर ५ कोटी युरोंहून जास्त खर्च झाला, लोकांचा विश्वास काही बसला नाही आणि २०१२ मध्ये ती भंगारात गेली.

या पद्धतीचा राजकारणावर होणारा परिणाम प्रचारातच दिसतो. कार्यकर्ता दार ठोठावतो, घरातली बाई सांगते की आमचं मत दुसऱ्या पक्षाला ठरलेलं आहे. आपल्याकडे संभाषण तिथे संपतं. तिथे कार्यकर्ता म्हणतो, ठीक आहे, मग दोन नंबर आम्हाला द्या. आता ज्याचा दोन नंबर हवा आहे, त्याच्या आवडत्या नेत्याला शिव्या घालून कसं चालेल? विरोधकाच्या मतदाराला दुखवणं तिथे थेट महागात पडतं. शेजारच्या पक्षाशी बोलणी करण्याची सवय पक्षांना इथूनच लागते.

उलट बाजूही आहे आणि ती लपवायला नको. एका मतदारसंघातून एका पक्षाचे दोन-तीन उमेदवार उभे असतात, त्यामुळे स्वतःच्याच पक्षातला माणूस सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी होतो. धोरणावर त्याच्याशी भांडता येत नाही. मग भांडण होतं ते खड्डे कोण बुजवतं, दवाखान्यातला नंबर कोण लावून देतं यावर. टीडी म्हणजे बढती मिळालेला नगरसेवक, ही तिथली जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

फिआना फॉइल या पक्षाने ही पद्धत मोडून आपल्यासारखी सर्वाधिक मतांची पद्धत आणायचा दोनदा प्रयत्न केला, १९५९ आणि १९६८ मध्ये. घटना बदलायची तर सार्वमत लागतं. १९५९ मध्ये सार्वमत आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक एकाच दिवशी झाली. लोकांनी पक्षाचे संस्थापक एमन डी व्हॅलेरा यांना राष्ट्रपती म्हणून निवडून दिलं आणि त्याच दिवशी त्यांचा प्रस्ताव फेटाळला. १९६८ मध्ये तर आणखी मोठ्या फरकाने नाही म्हटलं.

पक्षांकडे वळू. तिथले दोन जुने पक्ष, फिआना फॉइल आणि फिने गेल, यांच्यातला फरक विचारसरणीवरून सांगायला गेलं तर माणूस अडखळतो. तो फरक एका यादवीतून आला आहे. डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यात आयर्लंडला बरंचसं स्वातंत्र्य मिळालं, पण राजाशी निष्ठेची शपथ राहिली. करार मानणारे आणि न मानणारे एकमेकांवर उठले. मायकेल कॉलिन्स ऑगस्ट १९२२ मध्ये याच यादवीत मारले गेले. करार मानणाऱ्यांच्या परंपरेतून १९३३ मध्ये फिने गेल उभा राहिला, तर न मानणाऱ्यांच्या बाजूने डी व्हॅलेरांनी १९२६ मध्ये फिआना फॉइल काढला. आजोबा कुठल्या बाजूने लढले, यावर नातवाचं मत ठरत राहिलं.

१९३२ पासून १९८९ पर्यंत फिआना फॉइलने युती केली नाही. एकतर स्वतःच्या बळावर (कमी पडले तर अपक्षांच्या टेकूवर) सरकार, नाहीतर विरोधी बाक. त्यांना बाहेर ठेवायचं तर बाकी सगळ्यांनी एकत्र यायचं, असा हिशेब होता. १९४८ मध्ये फिने गेलचे जॉन कॉस्टेलो यांनी पहिलं आघाडी सरकार केलं ते याच गरजेतून. १९८९ मध्ये फिआना फॉइलचे नेते चार्ल्स हॉही यांनी सत्तेसाठी युती न करण्याची ती जुनी रीत मोडली आणि तेव्हापासून आयर्लंडमध्ये एका पक्षाचं बहुमताचं सरकार आलेलं नाही.

मग आली २००८ ची मंदी. बँका बुडायला लागल्या, सरकारने त्यांची हमी घेतली आणि २०१० च्या अखेरीस युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. २०११ मध्ये लोकांनी फिआना फॉइलला २० जागांवर आणलं. चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे पाऊणशेहून जास्त होत्या. २०१६ मध्ये फिने गेल ५० आणि फिआना फॉइल ४४, सभागृह १५८ चं. दोघं एकत्र बसायला तयार नव्हते आणि दुसरा मार्ग नव्हता. त्यातून निघालेला तोडगा असा, की फिआना फॉइल विरोधी पक्षातच राहील, पण विश्वासमत आणि अर्थसंकल्पाच्या वेळी तटस्थ राहील. बदल्यात काय मिळणार, हे लिहून घेतलं. आधी तीन अर्थसंकल्पांपुरतं ठरलेलं हे जमवणं ब्रेक्झिटच्या अनिश्चिततेमुळे पुढे वाढवलं.

आता पुन्हा २०२०. फिआना फॉइल ३८, शिन फेन ३७, फिने गेल ३५, ग्रीन १२ आणि बाकी छोटे पक्ष व अपक्ष. पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं शिन फेनला मिळाली होती, सुमारे साडेचोवीस टक्के. पण त्यांनी देशभरात फक्त ४२ उमेदवार दिले होते, कारण आदल्या वर्षीच्या स्थानिक निवडणुकीत त्यांना फटका बसला होता. डब्लिन बे नॉर्थमध्ये त्यांच्या डेनिस मिचेल यांना कोट्याच्या पावणेदोन पट मतं पडली आणि ती घ्यायला पक्षाचा दुसरा उमेदवारच नव्हता. ती मतं दुसऱ्यांच्या कामी आली.

२० फेब्रुवारीला नवं सभागृह भरलं. आयर्लंडमध्ये सरकार बनवायला कोणाला बोलवायचं हे राज्यपाल किंवा राष्ट्रपती ठरवत नाहीत. सभागृहात नावं सुचवली जातात आणि सगळ्यांसमोर मतदान होतं. त्या दिवशी चार नेत्यांची नावं आली आणि चारही पडली. वराडकरांनी राजीनामा दिला, पण नवीन टीशक निवडला जाईपर्यंत काळजीवाहू म्हणून त्यांनाच राहावं लागलं. पुढच्या महिन्यात कोविड आला. काळजीवाहू सरकारने टाळेबंदी लावली आणि वाटाघाटी चालू राहिल्या.

या वाटाघाटी जूनच्या मध्यापर्यंत चालल्या. ग्रीन पक्षाने पाठिंब्याची किंमत आकड्यांत मागितली: हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात दरवर्षी सरासरी सात टक्के कपात, वाहतुकीच्या भांडवली खर्चातला पाचवा हिस्सा सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी, आणि रस्त्यांवरच्या एका युरोमागे सार्वजनिक वाहतुकीवर दोन. हे सगळं शंभरावर पानांच्या कार्यक्रमपत्रिकेत आलं. नेत्यांनी सही केली म्हणून काम संपलं नाही. तिन्ही पक्षांनी करार आपापल्या सदस्यांपुढे मताला टाकला. ग्रीन पक्षाच्या नियमाप्रमाणे दोन तृतीयांश पाठिंबा हवा होता, ७६ टक्के मिळाला. हा पक्ष अख्ख्या बेटावर चालतो, त्यामुळे ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या सदस्यांनीही त्यात मत दिलं.

सरकार लवकर बनवण्याची घाईही होती. तिथल्या ६० जणांच्या वरिष्ठ सभागृहात ११ जण टीशकने नेमायचे असतात. नवा टीशक नाही म्हणजे सभागृह अपुरं, आणि अपुऱ्या सभागृहात कायदा होत नाही. देशद्रोही कारवायांविरुद्धच्या एका कायद्याची मुदत जूनअखेर संपत होती. २७ जूनला फिआना फॉइलचे मीहॉल मार्टिन टीशक झाले आणि यादवीच्या दोन बाजू ९७ वर्षांनी एका मंत्रिमंडळात बसल्या.

मराठी वाचकाने थांबून पाहावं असा भाग पुढे आहे. करारात लिहिलं होतं की डिसेंबर २०२२ मध्ये मार्टिन पायउतार होतील आणि वराडकर टीशक होतील. अडीच वर्षं यांची, अडीच वर्षं त्यांची. याच मुद्द्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्रात शिवसेना आणि भाजप यांची युती तुटली होती. एक बाजू म्हणत होती शब्द दिला होता, दुसरी म्हणत होती असं काही ठरलंच नव्हतं. खरं-खोटं करायला कागद नव्हता. डब्लिनमध्ये कागद होता आणि त्यावर तारीख होती, १५ डिसेंबर. ती दोन दिवस पुढे गेली, कारण त्याच वेळी युरोपीय नेत्यांची बैठक होती. १७ डिसेंबर २०२२ ला बदल झाला. मार्टिन उपपंतप्रधान झाले आणि त्याच मंत्रिमंडळात बसले.

या सरकारने २०२१ मध्ये हवामान कायदा केला, २०१८ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ५१ टक्क्यांनी कमी करण्याचा. बारा जणांच्या पक्षाने देशाच्या कायद्यावर एवढा ठसा उमटवणं ही साधी गोष्ट नाही. बक्षीस काय मिळालं? नोव्हेंबर २०२४ मध्ये बाराचा एक झाला. उरले ते रॉडरिक ओगॉर्मन, वराडकरांच्याच डब्लिन वेस्टमधून, शेवटच्या जागेवर. लहान भागीदाराचं असंच होतं. लेबर पक्ष २०११ मध्ये ३७ जागा घेऊन सरकारात गेला आणि २०१६ मध्ये सात घेऊन बाहेर आला. प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स हा पक्ष तर विसर्जितच झाला. सरकारच्या चुकांचा राग छोट्यावर निघतो, यशाचं श्रेय मोठा घेऊन जातो. तरीही ग्रीन पक्ष गेला ते बरं केलं असं मला वाटतं, कारण जागा गेल्या, कायदा राहिला.

अपक्षांची गोष्ट वेगळी. १९८२ मध्ये हॉही यांना बहुमत कमी पडत होतं आणि डब्लिनच्या गरीब वस्त्यांतून टोनी ग्रेगरी नावाचा तरुण शिक्षक पहिल्यांदाच निवडून आला होता. हॉही त्याच्याकडे गेले. ग्रेगरींनी घरं, नोकऱ्या, शाळा अशा मागण्यांची यादी पुढे ठेवली, कामगार संघटनेच्या नेत्याला साक्षीदार केलं, सह्या घेतल्या आणि पूर्ण करार डॉइलमध्ये वाचून दाखवला, नोंदीवर राहावा म्हणून. सरकार वर्षभरही टिकलं नाही, त्यामुळे बरंच काही राहून गेलं. पण एका मताची किंमत वस्तीसाठी उघडपणे मागता येते, हे देशाने पाहिलं. केरी परगण्यातल्या जॅकी हीली-रे यांनी १९९७ नंतर तेच रस्त्यांसाठी केलं.

सरकार पडण्याची भीती कायम असते, कारण आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष शिक्षा करतो, पण जागा जात नाही. भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची तात्पुरती बंदी सरकारने २०२३ मध्ये उठवली, तेव्हा ग्रीन पक्षाच्या नेसा हूरिगन यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना १५ महिने बाहेर ठेवलं. टीडी त्या राहिल्याच. आमदारांना हॉटेलात नेऊन ठेवण्याची वेळ तरीही तिथे येत नाही. प्रत्येकाने कुणाच्या कितव्या पसंतीवर आपण आलो हे पाहिलेलं असतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच दारांवर जायचं असतं.

मार्च २०२४ मध्ये वराडकरांनी अचानक पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचे ३७ वर्षांचे सायमन हॅरिस आले. २९ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत फिआना फॉइलला ४८, शिन फेनला ३९ आणि फिने गेलला ३८ जागा मिळाल्या. दोन जुने पक्ष मिळून ८६. बहुमताला हवेत ८८. या वेळी दोघांनी कुठलाही छोटा पक्ष घेतला नाही, अपक्षांचा गट घेतला. त्यातल्या व्हेरोना मर्फी डिसेंबरमध्ये डॉइलच्या पहिल्या महिला सभापती झाल्या. केरीच्या हीली-रे कुटुंबातले पुढच्या पिढीचे मायकेल यांना राज्यमंत्रिपद मिळालं.

मग वेगळाच पेच आला. सरकारला पाठिंबा देणाऱ्या, पण मंत्रिपद नसलेल्या काही अपक्षांना बोलायला विरोधी पक्षाच्या वाट्यातला वेळ हवा होता. विरोधक खवळले. २२ जानेवारी २०२५ ला इतका गोंधळ झाला की टीशकची निवडच झाली नाही. दुसऱ्या दिवशी मार्टिन ९५ विरुद्ध ७६ मतांनी निवडून आले. बोलण्याच्या वेळेचा वाद मार्चपर्यंत चिघळला, शेवटी सरकारने बहुमताने नियम बदलला आणि विरोधकांनी सभापतींवरच अविश्वास ठराव आणला. तो फेटाळला गेला. सरकारला टेकू देणाऱ्याने विरोधकांच्या वेळेत बोलावं, हे मला पटत नाही. सरकारला प्रश्न विचारायला मिळणारी मिनिटं ही विरोधकांची मोजकीच पुंजी असते.

या वेळच्या करारातही अदलाबदलीची तारीख लिहिलेली आहे. नोव्हेंबर २०२७ मध्ये मार्टिन उठतील आणि हॅरिस पुन्हा टीशकच्या खुर्चीत बसतील. तोवर या दोन पक्षांना प्रत्येक महत्त्वाच्या मतदानाआधी अपक्षांची माणसं मोजावी लागणार आहेत.